बारीक वाटलेला लसूण

देऊळघाटच्या तानुबाईचा नवरा निवृत्ती फौजेच्या दवाखान्यात शिपाई होता. कोरियाच्या लढाईत तीन वर्षं राहून तो धडधाकट परत आला, गावानं पेढे खाल्ले, सगळं झालं. पण आठव्या दिवशी गडी चक्क पाट्यापाशी जाऊन बसला. म्हणाला, "तू मुगाचे धिरडे टाक. त्याच्यासंगं तिकडची चटणी मी करतो." तानुबाईच्या मनात नको ती शंका आली.

त्याला कारण शेजारची विमलबाई. तिच्या जिभेला हाड नाही. निवृत्तीच्या ट्रंकेतली, तिकडं चटणीत घालतात त्या काळ्या पाण्याची बाटली पाहून ती बोलून गेली होती, "बाई, पुरुषमानूस बाईच्या नादानंच चूल शिकते. तिकडं दुसरं बिऱ्हाड नसन ना?" तेव्हा वऱ्हाडाचा कारभार नागपुराहून चाले; पण तिथल्या साहेबांना विचारून हे थोडंच कळणार होतं! तानुबाईनं चुलीवर तवा ठेवला.

निवृत्तीनं वाटीत ते काळं पाणी ओतलं. कसलेसे दाणे आंबवून केलेलं, चांगलंच खारट. त्यात लिंबू पिळलं, भाजलेले तीळ चुरले, चिमूटभर तिखट आणि कांद्याची पात टाकली. मग लसूण घेतला आणि वाटतच बसला. वाटायचा, बोटानं पाहायचा, पुन्हा वाटायचा. इतक्या मायेनं त्यानं पोळ्याला बैलाची शिंगंही कधी रंगवली नव्हती.

तानुबाईला राहवेना. "हे कोनं शिकवलं तुमाले?"

"होती एक बाई."

तिच्या हातातलं उलथणं थांबलं. तव्यावरचं धिरडं करपायला लागलं.

"अन् लसूण एवढा बारीक काऊन?"

"तिले एकबी दात नव्हता ना," निवृत्ती मान वर न करता म्हणाला. "ऐंशीची असन म्हातारी. तिच्या नातवाचा पाय आमच्या दवाखान्यात बरा झाला, म्हनून मले जेवाले बोलवे. लसूण जाडा राह्यला की शिव्या दे. भाषा येत नव्हती मले, पन शिव्या बराबर समजत."

तानुबाईचा जीव भांड्यात पडला. आधी हसू आलं, मग डोळ्यांना पाणी आलं, आणि धिरडं करपलं ते करपलंच. कुंपणापलीकडे कान लावून उभ्या असलेल्या विमलबाईला ऐकू जाईल एवढ्यानं ती हसली. मग चार नव्या पाकळ्या तिनं पाट्यावर टाकल्या.

"हा घ्या दुसरा लसूण, अन् भरडाच ठेवा," ती म्हणाली. "मले बत्तीस दात हायेत."