रुंद कवटी

"हात लावायचा नाही. सांगून ठेवतोय."

बाबांनी सिंहाची कवटी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. टेबलावर माझं बारीक ड्रिल, हातमोजे आणि नळ्या मांडलेल्या. संग्रहालयाचे संचालक दाराशी उभे राहून चुळबुळत होते. निवृत्त होऊनही रोज सकाळी डबा घेऊन इथे येऊन बसणाऱ्या या म्हाताऱ्याला आवरायचं कसं, हे त्यांना कधीच कळलं नव्हतं. आज तर म्हाताऱ्याची मुलगीच समोर उभी होती, त्यामुळे त्यांची आणखी पंचाईत झाली होती.

"बाबा, परवानगी आहे माझ्याकडे."

"परवानगी गेली खड्ड्यात! आधारनमुना आहे हा. याला भोकं पाडतात?"

"एकच भोक. दाढेच्या मुळाशी. चिमूटभर भुकटी पुरते मला."

"तुला भुकटी नकोय. तुला माझं नाक कापायचंय."

ते खरंच होतं. मी हातमोजे चढवले.

तरुणपणी याच खोलीत बसून बाबांनी या एका कवटीवरून सिंहाची नवी उपजात जाहीर केली होती. डोंगरातला सिंह. गालाची हाडं इतर सिंहांपेक्षा रुंद, मागचं हाड जाड, सोबत आलेल्या कातड्यावर दाट काळी आयाळ. कवटी प्राण्यांच्या एका व्यापाऱ्याने विकली होती आणि ती डोंगरातली, हाही त्याचाच शब्द. तेवढ्यावर बाबांनी लेख लिहिला, नाव दिलं आणि कवटीला लाल चिठ्ठी बांधली. ज्या प्राण्यावरून नाव ठरतं तो आधारनमुना. त्याचं कपाट वेगळं, किल्ली वेगळी, आणि ती किल्ली अजून बाबांच्याच खिशात असायची.

त्या सिंहाने आमचं घर खाल्लं. सुट्टी लागली की बाबा परगावच्या संग्रहालयांत कवट्या मोजायला जायचे, पुरावा जमवायला. आई अंथरुणाला खिळली तेव्हाही गेले. "माझा चेहरा नाही आठवायचा यांना," आई मला म्हणाली होती, "त्या मेल्याची दाढ मात्र बरोबर आठवेल." ती हसत होती. मला हसू आलं नाही. पुढे मी जनुकशास्त्र शिकले. आवडीने शिकले असं मी चारचौघांत सांगते. खरं म्हणजे रागाने शिकले.

"सर," संचालक शेवटी म्हणाले, "नका देऊ. पण लोक म्हणतील, घाबरलात."

"घाबरतोय कोण?" बाबा ताडकन उठले. कवटी वाळूच्या उशीवर ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "आतल्या बाजूने पाड. बाहेरून दाढ शाबूत दिसली पाहिजे. आणि थरथरू नकोस, आईसारखी."

"आईचं नाव काढू नका."

त्यांनी काढलं नाही. कवटी हलू नये म्हणून दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरली. ड्रिल सुरू झालं तसे त्यांचे डोळे मिटले, हात मात्र जागचे हलले नाहीत. पांढरी भुकटी थोडी नळीत पडली, थोडी त्यांच्या संग्रहालयात घालायच्या जुन्या कोटाच्या बाहीवर.

भुकटीतल्या जनुकांच्या तपासणीचा निकाल आला तेव्हा तो फोनवर सांगता आला असता. पण मला त्यांचं तोंड बघायचं होतं, म्हणून मी संग्रहालयात गेले. ते डबा उघडून बसले होते.

"डोंगराशी काही संबंध नाही," मी उभ्या उभ्याच म्हणाले. "माळरानावरच्या साध्या सिंहांशी जुळतोय तो. तुमची उपजात नाहीच."

"आणि रुंदी? ती काय मी घरून आणली?"

"पिंजऱ्यातून आली. बछडा असतानाच पकडलेला असणार. आयतं, कापून दिलेलं मांस. शिकार नाही, ओढाताण नाही. असा सिंह वाढला की कवटी रुंद होते, मागचं हाड जाडावतं. थंड गावात ठेवला की आयाळही दाट येते. पिंजऱ्यातल्या कवट्या एकदा जरी मोजल्या असत्यात ना, तरी कळलं असतं."

"त्या कोणी मोजत नाही. बिघडलेल्या म्हणून आधीच बाजूला काढतात. आम्ही सगळेच काढायचो."

"आणि नेमकी त्यातलीच एक डोक्यावर घेऊन नाचलात."

हे बोलायला मी कितीतरी वर्षं थांबले होते. बोलून झाल्यावर छान वाटेल असं वाटलं होतं.

बाबांनी डबा बंद केला. "म्हणजे आयुष्यभर मी पिंजरा मोजला," ते म्हणाले. आवाजात नेहमीचा चढ नव्हता.

त्यांनी कपाट उघडलं, कवटी बाहेर काढली आणि साध्या सिंहांच्या खणाकडे निघाले.

"तिथे नाही ठेवायची," मी म्हटलं. "उपजातीचं नाव बुडालं तरी आधारनमुना आधारनमुनाच राहतो. लाल चिठ्ठी आणि वेगळं कपाट. नियम तुम्हीच शिकवलात."

"ठाऊक आहे. संचालक येऊन परत ठेवतील. आजच्या दिवस राहू दे चारचौघांत. जन्मभर एकटाच होता तो."

त्यांनी खण ओढला. आतल्या कवट्या हळूहळू सरकवत जागा केली, कापूस अंथरला, आणि भोक पाडलेली बाजू खाली करून ती मधोमध ठेवली. मग खण लोटला. तो अर्ध्यातच अडला. त्यांनी कवटी जरा तिरकी केली, पुन्हा लोटला. शेजारच्या सगळ्या आत गेल्या. ही गालाच्या हाडावर अडत होती.

"जोर नका लावू," मी म्हटलं. "फुटेल."

"नाही लावत," बाबा म्हणाले, आणि उघडा खण दोन्ही हातांनी धरून तसेच उभे राहिले. कोटाच्या बाहीच्या शिवणीत त्या दिवसाची थोडी भुकटी अजून होती. ती झटकायला मी हात पुढे केला. त्यांनी हात मागे घेतला.