ड्युरनहाइनची भट्टी

मित्रांनो, मी एक म्हातारी भट्टी आहे. पाव भाजणारी, आणि कोणा एकाची नव्हे, जर्मनीतल्या अख्ख्या ड्युरनहाइन गावाची. घरोघरी भट्ट्या पेटवून जंगल संपत आले, तेव्हा सर्वांनी एकाच जागी भाजावे असा सरकारी हुकूम निघाला. म्हणून चर्चच्या उतारावर, ओढ्याकाठी, दगडी खोलीत मला बांधले.

कोणी केव्हा भाजायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरे. जिची चिठ्ठी पहिली निघे ती बाई कपाळावर हात मारी, कारण गार भट्टी तापवायला तिचीच लाकडे खर्ची पडत. बारशाचे केक आणि मयताच्या जेवणाचे काळे पाव, दोन्ही माझ्याच पोटातून गेले. शेजारच्या गावचे लोकही माझ्या पावाची तारीफ करत. ते सुखाचे दिवस होते.

मग दुसरे महायुद्ध आले आणि संपतासंपता आमच्या दाराशी पोहोचले. अमेरिकन रणगाडे दरीपलीकडे दिसू लागले. गावातला नाझी पक्षाचा पुढारी वेंडेलिन हार्टुंग याने माझ्या समोरच रस्त्यावर ओंडक्यांचा आडवा बांध घातला. रस्ता अडला की रणगाडे तोफा डागणार आणि गाव जळणार, हे सगळ्यांना दिसत होते. पण बोलणार कोण? पुरुष आघाडीवर होते किंवा मातीत.

दुसऱ्या सकाळी गावातलीच ओटीली ब्राख कुऱ्हाड घेऊन आली. तिच्या मागून आणखी बायका आल्या. त्यांनी बांध फोडला आणि ओंडके चिरून माझ्यात कोंबले.

म्हातारा गवंडी आन्सेल्म क्रोल धूर पाहून धावत आला. माझी डागडुजी तोच करायचा.

"अगं बायांनो, अक्कल कुठे गेली? ओली लाकडं घातलीत! साऱ्या दरीला कळेल."

"मग काय करू, आन्सेल्मकाका? वाळत घालू?" ओटीली म्हणाली. "पीठ फुगलंय. पोरं उपाशी आहेत."

तो बडबडत दाराजवळच्या बाकावर बसला, पण आग नीट लावून देऊनच.

हार्टुंगने मोकळा रस्ता पाहिला. तो सायकलवर बसून गेला आणि आमच्याच सैन्याचे सैनिक घेऊन परतला. त्यांच्या अधिकाऱ्याने बायकांना माझ्या भिंतीशी उभे केले.

"कोणी फोडला? सांगा, नाहीतर सगळ्यांना गोळ्या घालतो."

ओटीलीने तोंड उघडले, तोच आन्सेल्म बाकावरून उठला.

"मी फोडला."

"या वयात? एकट्याने?"

"तरुणपणी बघायला हवं होतं मला."

ओटीली पुढे सरसावली. "खोटं बोलतोय तो, साहेब..."

"गप बस, ओटीली!" आन्सेल्म खेकसला. "तुझा पाव करपतोय तिकडे."

तिला घरी तीन लेकरे होती. ती माझ्याकडे वळली. लांब दांड्याची फळी आत घालून तिने एकेक पाव काढला. फळी माझ्या विटांवर खडखड वाजत होती. बाहेर लिंडनच्या झाडाला त्यांनी आन्सेल्मसाठी फास बांधला. तिने शेवटचा पाव काढेपर्यंत सगळे आटोपले होते.

तो पाव त्या दिवशी गावाने खाल्ला. भूक होती, मित्रांनो.

दुसऱ्या दिवशी रणगाडे मोकळ्या रस्त्याने आले आणि निघून गेले. एक कौलही फुटले नाही.

हार्टुंग काही काळ गावाबाहेर राहिला, मग परत आला, आणि पुढे सरपंचही झाला. घरोघरी विजेच्या शेगड्या आल्या. माझ्या तोंडात कोळ्यांनी जाळी विणली. पुढे शहरातले लोक जुनी गावे पाहायला येऊ लागले, तेव्हा मला चुना लावला आणि दाराशी पितळी पाटी ठोकली. तिच्यावर माझे वय होते, 'युद्धातून सुखरूप बचावलेले गाव' असे शब्द होते, आणि खाली जीर्णोद्धार करणाऱ्या सरपंचाचे नाव.

उद्घाटनाला भाजलेला पाव हातात घेऊन ओटीलीने पाटी वाचली.

"आन्सेल्मकाकाचं नाव कुठाय?"

"जुनं कशाला उकरतेस?" हार्टुंग हळूच म्हणाला. "पाहुणे पाव खायला येतात. आणि पाटीवर जागा नाही."

"मग तुझं काढ."

आजूबाजूला अर्धे गाव उभे होते. सगळे ओढ्याकडे पाहू लागले. ओटीलीने हातातला पाव खाली ठेवला आणि ती चालू लागली. मरेपर्यंत तिने माझ्या उंबऱ्यात पाऊल टाकले नाही. तिच्या माघारी तो प्रश्न पुन्हा कोणी विचारला नाही.

आता वर्षातून एकदा, जत्रेला, मला पेटवतात. लोक फोटो काढतात. माझी निगा उत्तम आहे. गळके छप्परही नवे झाले. पण मित्रांनो, दगडविटा जपायला चुना पुरतो. माणूस जपायचा तर कोणीतरी त्याचे नाव घ्यावे लागते. कधी आलात तर पाटी जरूर वाचा. मग तिच्यासमोर उभे राहून, आजूबाजूच्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणा: आन्सेल्म क्रोल.