दार उघडले की मी गप्प

मित्रांनो, मी एक जुना पंखा आहे. छताला ऐटीत लटकणारा नव्हे, तर फ्रिजच्या वरच्या कप्प्यात, मागच्या जाळीआड बसवलेला, तळहाताएवढा. थंडावा मी पोचवायचा आणि नाव फ्रिजचे व्हायचे. असो, ज्याचे त्याचे नशीब! कारखान्यातल्या एका बाईंनी मात्र मला बोटाने फिरवून कानाशी धरले होते आणि "हा शहाणा आहे" म्हटले होते. ते कौतुक मी अजून पुरवून पुरवून वापरतो.

माझी एक खोड सांगतो. फ्रिजचे कोणतेही दार उघडले की मी थांबतो. मला घडवलेच तसे आहे. दाराचे बटण सुटले की माझी वीज बंद. चालू असताना मला माझ्याच गुणगुणीपुढे काही ऐकू येत नाही. त्यामुळे या घरातली माणसे मी सतरा वर्षे दार उघडे असतानाच ऐकली, तुकड्यातुकड्यांनी.

घर एका घड्याळजींचे. दुकानातून आले की ते पाण्याची बाटली काढत आणि दार तसेच उघडे ठेवून बायकोला दिवसभराच्या गमती सांगत बसत.

"अहो, आधी दार लावा! गार हवा काय फुकट येते?" बाई ओरडत.

"लावतो गं, लावतो," म्हणत ते आणखी एक गंमत सांगून टाकत. काय दिवस होते ते! मला त्या उघड्या दाराची फार आठवण येते.

मग एका हिवाळ्यात बाईंनी जेवणाच्या टेबलाशी बसून मटार सोलले. मोठा डबा भरला आणि त्यावर कागद चिकटवला: 'मटार. एका वेळी एक वाटी.' आठवडाभराने त्या अचानक गेल्या.

घड्याळजींनी माझ्या कप्प्यातला तो डबा मागून काढून अगदी पुढे ठेवला, दार उघडताच बाईंचे अक्षर दिसावे म्हणून. त्यातला एक दाणाही त्यांनी काढला नाही. दिवसातून चारदा दार उघडले जाई आणि कोणी काही न बोलता बंद होई.

हळूहळू माझ्याभोवती बर्फ जमू लागला. पाती त्यावर घासू लागली. खर्रर्र, खर्रर्र! माझ्या गुणगुणीची पार रया गेली.

मेकॅनिक आला. त्याने दार उघडले, मी गप्प. लावले, खर्रर्र. पुन्हा उघडले, गप्प.

"काका, मला बघून घाबरतोय की काय हा?" तो म्हणाला.

"दाराचं बटण बोटानं दाबून धरा," घड्याळजी म्हणाले. त्याने दाबले आणि मी जीव तोडून ओरडलो.

बटण सोडून तो म्हणाला, "पंख्यावर बर्फ चढलाय. एक दिवस फ्रिज बंद करून दारं उघडी ठेवा. सगळं वितळलं की फिरेल."

"बंद नाही करता येणार," एवढेच बोलून घड्याळजींनी त्याची बोळवण केली.

चार दिवसांत मी पुरता अडकलो. खालचे दूध नासले. आता दार बंद असतानाही मला सगळे ऐकू येत होते. रविवारी त्यांची मुलगी सासरहून आली.

"बाबा, असाच राहिला तर मटारही जातील. डबा एक दिवस शेजारच्या काकूंकडे ठेवू या."

"तुझ्या आईला शेजाऱ्यांकडे ठेवू?" घड्याळजी ताडकन म्हणाले.

मला फार वाईट वाटले. मी फिरायचे तर त्यांचे मटार वितळणार होते आणि नाही फिरलो तरी वितळणारच होते.

शेवटी त्यांच्यातला घड्याळजी जागा झाला. एवढा बर्फ येतो कुठून? त्यांनी कागदाची पट्टी दाराच्या रबरात धरून दार लावले आणि ओढून पाहिली. सगळीकडे घट्ट. डब्यासमोर मात्र ती अलगद निघून आली. पुढे ठेवलेला डबा दाराला टेकत होता, दार केसाएवढे उघडे राहत होते आणि तिथून बाहेरची दमट हवा आत येत होती.

"जन्मभर डोळ्याला भिंग लावून बसलो," ते म्हणाले, "आणि ही फट मीच ठेवली."

त्यांनी डबा बाहेर काढला. कागद पुन्हा वाचला. "एकच वाटी म्हणालीये ती."

"आपण दोघं आहोत, बाबा. दोन वाट्या."

"आणि उरलेले काकूंना दे. तिनंही दिलेच असते."

मटार वाफवले गेले. नुसते मीठ घालून दोघे खायला बसले.

"जरा निबर झालेत," घड्याळजी म्हणाले. "तिला सांगू नकोस हं." मुलगी हसली आणि हसता हसता रडू लागली.

दिवसभर दारे सताड उघडी होती. बर्फ थेंब थेंब गळून गेला. दुसऱ्या सकाळी घड्याळजींनी फ्रिज चालू केला, बटण दाबून धरले आणि कान जाळीला लावला. मी फिरलो, अगदी पहिल्या दिवसासारखा.

तेव्हा मित्रांनो, एखादे जुने यंत्र कुरकुरू लागले तर लगेच भंगारात काढू नका. आधी त्याचे दार नीट लागते का ते पाहा. आणि कोणी प्रेमाने काही भरून ठेवले असेल तर ते वेळेवर खा.

तो कागद आता फ्रिजच्या दारावर बाहेरून चिकटवला आहे. संध्याकाळी घड्याळजी दुकानातून येतात, बाटली काढतात आणि दार उघडे ठेवून दिवसभराच्या गमती सांगतात. मी गप्प राहून ऐकतो. त्यांना कोणी ओरडत नाही. तरी जरा वेळाने ते आपणच म्हणतात, "लावतो गं, लावतो," आणि दार लावतात.