हुंकाराची बशी

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर काचेचं उबदार कपाट आणि त्यात दोन बश्या. रक्त ज्यांच्यापासून घडतं त्या मूळ पेशी दोन्हींत होत्या, एकाच धडधाकट शिष्याच्या. उजव्या बशीवर हुंकारगुरू डोळे मिटून घुमायचे आणि दोन आठवड्यांत तिच्यात लाल ठिपके उगवायचे. डावी कोरीच राहायची.

"नादातून रक्त! डॉक्टरांना जमेल का हो?" गुरू विचारायचे, आणि लोक नंदीबैलासारख्या माना डोलवायचे.

माझ्या भाचीला रक्ताचा कर्करोग होता आणि बहिणीने तिचे उपचार थांबवले होते. प्रयोगशाळेत मी याच पेशी वाढवते, पण पिकतं तिथे विकत नाही.

"ताई, एकदा ठिपके दिसू देत," बहीण म्हणाली. "मग तू म्हणशील तसं."

मंतरलेल्या पाण्याचा थेंब रुग्णाच्याच हातून उजव्या बशीत पडायचा. त्या दिवशी भाचीची पाळी होती. तिला उभं राहवत नव्हतं, म्हणून मी धरलं होतं. शिष्याने बर्फाच्या डब्यातून कुपी काढली.

"मावशी, मंत्राला बर्फ कशाला लागतो?" ती पुटपुटली.

पेशींना वाढवणारी प्रथिनं आम्हीही बर्फातच ठेवतो. उबेत ती नासतात.

"थेंब डावीत टाक," मी म्हटलं. गुरूंचे डोळे मिटलेले होते, शिष्याचे गर्दीवर.

उपचारांसाठी मी बहिणीच्या पाया पडले. ती बधली नाही. भाचीच्या अंगावर निळे डाग उमटू लागले.

दोन आठवड्यांनी कपाट उघडलं. उजवी बशी कोरी होती. ठिपके डावीत होते.

"नाद कधीकधी वळतो," गुरू म्हणाले.

"नाद नाही, थेंब वळला," भाची म्हणाली. "मीच वळवला."

मी कुपीतलं गुपित सांगितलं. बहिणीने शिष्याच्या डब्यातली कुपीच उचलली.

"मग हिला हेच देऊ या ना."

"अगं, हे खत आहे. बशीत पेशी निरोगी होत्या. हिच्या रक्तात कर्करोगाचं तणही आहे, आणि खताला पीक आणि तण यातला फरक कळत नाही. काय द्यायचं ते डॉक्टरांना ठरवू दे."

"इतके दिवस कुठे होता?" डॉक्टरांनी विचारलं. उपचार पुन्हा सुरू झालेत. लागू पडतील का, ते कुणी सांगत नाही.

चमत्कार दाखवणाऱ्याला एवढंच विचारा: या बशीत जे घातलं, ते त्या बशीत का नाही घातलं? आणि वेळेवर विचारा. बशीत ठिपके वाढत होते तेवढे दिवस आमच्या पोरीचा आजारही वाढत होता.