रिकामं म्हणून काढलेलं क्लस्टर

वारंगा फाट्याजवळच्या तांड्यावर बसून दिपा पुण्याच्या कंपनीचं काम करायची, आणि काम होतं रिकामटेकडे हुडकायचं. क्लाउडवर भाड्यानं घेतलेल्या कम्प्युटरांच्या जथ्याला क्लस्टर म्हणतात. कुणी वापरो न वापरो, भाडं चढतच राहतं. असे ऐतखाऊ जथे शोधणारं टूल तिच्या वरिष्ठ साधनाताईंनी बनवलं होतं. टूलनं लाल खूण करायची, दिपानं ‘काढून टाका’चं बटण दाबायचं. पोरीला त्यात भारी मजा यायची.

गेल्या आठवड्यात तिनं असंच एक उडवलं. बरेच दिवस तिकडं कुणी फिरकलंच नव्हतं.

आज सकाळी तिच्या वडिलांचा, प्रेमदासांचा, वसमतहून फोन आला. “दिपा, बाजार उघडला, हळद घेऊन येऊन बसलो, पन लिलावच व्हईना. अडत्यायचं कम्प्युटर चालून न्हाई राहिलं. क्लाउडवरची समदी नोंद गेली म्हन्तेत.”

दिपानं उडवलेल्या क्लस्टरचं नाव घाईनं ताडून पाहिलं. वसमतच्या अडत्यांचंच होतं ते! मार्चअखेरीला हिशेबासाठी हळदीचा बाजार बंद असतो, हे टूलला कुठून कळणार? पण हिला कळायला नको? त्याच पायी तर घरात हळदीची पोती अडून पडली होती, आणि त्या पोत्यांनाच टेकून बसून हिनं बटण दाबलं होतं. नोकरी गेली तर गेली, पण एवढ्या शेतकऱ्यांची नोंद पुसली गेली असेल तर काय तोंड दाखवायचं?

तिनं साधनाताईंना फोन लावला आणि आढेवेढे न घेता सांगून टाकलं, “ताई, चूक माझी आहे.”

“अगं, आधी रडू नकोस,” साधनाताई म्हणाल्या. “ते टूल लगेच पुसत नाही, महिनाभर नुसतं झोपवून ठेवतं. सगळं जागच्या जागी असेल. उठव त्याला.”

“पण बटणावर तर ‘काढून टाका’ लिहिलंय!”

“ते बदलायचं माझ्याकडून राहिलंय, बाई.”

दिपानं क्लस्टर उठवलं. एकेक नोंद जशीच्या तशी समोर आली, तसा तिचा जीव भांड्यात पडला. एकटीच हसली, मग पदर नसल्यानं ओढणीनंच डोळे पुसले. थोड्या वेळानं तिनं वडिलांना फोन केला. मागं लिलावाचा गलका ऐकू येत होता.

“बापू, ते बंद मीच केलं होतं.”

“काय सांगून राहिली, पोरी! आन मी हितं चार मान्सात हुबा राहून मघापासून ज्यानं हे बंद केलं त्याच्या बापाचा उद्धार करून राहिलो!”