धुराड्याची तपासणी

ते वजनकाटे तपासणारे निरीक्षक होते. तेहेतीस वर्षं त्यांनी दुकानोदुकानी जाऊन खोटी मापं पकडली, म्हणून निवृत्तीनंतरही सगळे त्यांना काटेकाका म्हणत. लोकांच्या काट्यात केसभर फरक त्यांना खपत नसे. घरच्या लाकडाच्या शेगडीच्या बाबतीत मात्र त्यांचं मत ठाम होतं, की तिच्या धुराड्याला काहीही झालेलं नाही.

धुराडं साफ करून तीन हिवाळे झाले होते. शेगडीच्या दाराची काच काळी ठिक्कर पडली होती. दार उघडलं की धूर वर जायचा सोडून खोलीत यायचा, आणि हवा दमट असली की पडद्यांनासुद्धा जळका, कडवट वास लागायचा. काटेकाका मोठा ओंडका घालून हवेची झडप जवळजवळ बंद करत आणि अभिमानाने सांगत, "एक लाकूड आठ तास." ते लाकूड आठ तास धुमसायचं, त्याचा धूर धुराड्यात चिकटायचा, आणि खोकायचं काम काकांची बायको आणि सून, या सासू-सुनेकडे यायचं.

सफाईवाल्यांना दोनदा बोलावून झालं होतं. पहिल्याला काकांनी दारातच विचारलं, "तुमची मोजपट्टी प्रमाणित आहे का?" दुसऱ्याला तेवढंही न विचारता परत पाठवलं.

"यांना सांगून काही उपयोग नाही," सासूबाई म्हणाल्या. "यांना विचारायला लावलं पाहिजे."

सून शाळेत शिकवायची. तिने धुराडी साफ करणाऱ्या एका बाईला फोन केला आणि दोघींनी बेत ठरवला. रविवारी सकाळी सासूबाईंनी शेगडी पेटवायची राहून गेली असं दाखवलं, आणि दहाच्या सुमारास ती बाई स्वच्छ साडी नेसून, केस विंचरून दारात उभी राहिली. तिची गाडी, तिच्यातले ब्रश आणि दांडे, सगळं पलीकडच्या गल्लीत होतं.

"बाबा, ही माझ्या शाळेतली मैत्रीण," सून म्हणाली. "हिला शेगडी घ्यायचीय. तुमचा सल्ला हवाय."

काकांना सल्ला मागणारं माणूस वर्षभरात भेटलं नव्हतं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. झडप कशी लावायची, लाकूड कसं रचायचं, सगळं सांगितलं.

"काका, पण ही काच एवढी काळी का?"

"काळी बरी. ज्वाळा डोळ्यांत खुपत नाहीत."

सासूबाई कपबशा आणायच्या निमित्ताने आत गेल्या आणि आत हसून आल्या.

"आमचा एक शेजारी म्हणतो, आतला थर तीन मिलिमीटर झाला की साफ करायलाच हवं," बाई भोळेपणाने म्हणाली. "मी म्हटलं, तीन मिलिमीटर कोण मोजत बसतंय? नुसतं बघितलं तरी अंदाज येतो की."

काकांनी कप खाली ठेवला.

"अंदाज," ते म्हणाले. "मुली, अंदाजाने माप देणाऱ्यांना मी कुलपं लावलीत."

"मग तुमच्याकडे किती असेल हो, काका?"

"एक. फार तर दीड."

असं म्हणून ते उठलेच. कपाटातून मखमली पेटीतलं जाडी मोजायचं यंत्र आणलं. धुराड्याच्या नळीला खाली एक झाकण होतं, ते उघडलं. शेगडी गार होती, तेव्हा हात घालायला हरकत नव्हती. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरने थोडी काजळी खरवडली, तिचा पापुद्रा यंत्राच्या जबड्यात धरला आणि चष्मा वर केला. मग चष्मा खाली केला. दुसरा पापुद्रा घेतला. मग तिसरा.

"किती, बाबा?" सुनेने विचारलं.

"सात," काका म्हणाले. जरा वेळाने म्हणाले, "सात पूर्णांक दोन."

त्यांनी टॉर्च लावून आत डोकं घातलं. वरच्या बाजूला नळी काळ्या वार्निशचा हात दिल्यासारखी चकाकत होती. "हे काय आहे?"

बाईला राहवलं नाही. "तेच सगळ्यांत वाईट, काका. ओलं लाकूड आणि कोंडलेली हवा, त्याचं डांबर. ते पेटलं तर धुराड्याची भट्टी होते, छपरापर्यंत. ब्रशने निघत नाही. फिरती साखळी लागते."

काकांनी डोकं बाहेर काढलं. कपाळावर काजळीचा पट्टा उमटला होता.

"शाळेत कोणता विषय शिकवतेस?"

बाईने सुनेकडे पाहिलं. सुनेने सासूबाईंकडे. सासूबाईंनी कपबशीकडे.

"गाडी कुठे लावलीय?" काकांनी विचारलं.

"पलीकडच्या गल्लीत," बाई म्हणाली.

तिघी बोलणी खायला तयार होऊन बसल्या. काका रागावले नाहीत, पण त्यांनी जे केलं त्यापेक्षा बोलणी बरी होती. त्यांनी जुन्या पेटीतून तार आणि शिशाचं सील काढलं, शेगडीच्या दाराला तार गुंडाळली आणि पक्कडीने सील दाबलं.

"वापरास अयोग्य," ते म्हणाले. "सफाई होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही. नियम तो नियम."

साखळीचं यंत्र दुसऱ्या गावी गेलेलं होतं, ते बुधवारशिवाय येणार नव्हतं. तीन दिवस सासू-सून एकाच रजईत बसून राहिल्या. जेवताना हातमोजे घातले. "बेत कोणाचा होता?" सासूबाई अधूनमधून विचारत. "तुमचाच, आई," सून म्हणे, आणि त्या रजई आपल्याकडे ओढून घेत.

काका त्या तीन दिवसांत लाकडाच्या ढिगामागे लागले. दोन दोन तुकडे एकमेकांवर आपटून बघत. टणकन वाजला तो सुका, धप्प झाला तो ओला. निम्म्याहून अधिक ढीग धप्प निघाला. तो पुढच्या हिवाळ्यासाठी छपराखाली रचला गेला.

बुधवारी बाई आली, या वेळी काळ्या कपड्यांत. दीड बादली काजळी आणि डांबर निघालं. काकांनी पुन्हा मोजलं, मान डोलावली आणि सील तोडलं.

शेगडी पेटली, झडप उघडी होती, आणि काचेमागे ज्वाळा अशा नाचल्या की खोली उजळून गेली. पण अडीच तासांत ओंडका संपला.

"अडीच तास," काका दुःखाने म्हणाले. "म्हणजे दिवसाला किती लाकूड फोडावं लागेल, हिशेब करा."

सासूबाईंनी पाय शेगडीकडे पसरले. "केलाय मी," त्या म्हणाल्या. "कुऱ्हाड मागच्या दारी आहे. आणि जाताना दार लावून घ्या, वारा येतो."