थट्टा की छळ

सासूला नोकरी लावली ती धाकट्या सुनेने, आणि ही गोष्ट शेजारपाजारच्या बायकांच्या घशाखाली काही उतरेना. चौथीत शाळा सुटलेली बाई काचेच्या ऑफिसात खुर्चीवर बसून पगार घेणार? पण ते काम होतंच तिच्या जिभेचं.

लोक फोनवर एकमेकांना जे लिहितात ते वाचून थट्टा कुठली आणि छळ कुठला हे सांगणारं यंत्र ती कंपनी तयार करत होती. यंत्राला आपली अक्कल नसते. माणसांनी आधी ढीगभर बोलणी वाचून त्यांच्यावर खुणा करायच्या, मग त्या खुणांवरून ते शिकणार. धाकटी त्या खोलीची प्रमुख, आणि यंत्र तिच्या हाताखाली रोज तोंडघशी पडत होतं. कुणी लिहिलं, ‘काय हाताला चव आहे हो तुमच्या, पाणीसुद्धा करपतं,’ की यंत्र म्हणायचं, कौतुक. शेवटी धाकटीने वरच्या साहेबांना सांगितलं, आमच्या घरी एक जण आहेत, त्यांच्या तोंडून टोमण्याशिवाय साधं ‘जेवलात का’सुद्धा निघत नाही.

तशी सासू आली. पद्धत साधी होती. प्रत्येक बोलणं दोघांनी वेगवेगळं वाचायचं आणि खूण करायची. दोघांचं पटलं तर ठीक, नाही पटलं तर ते सासूच्या टेबलावर, आणि तिचा शब्द शेवटचा. महिना झाला नाही तोच पोरापोरींनी तिला ‘हायकोर्ट’ नाव ठेवलं. घरी तिने ते नाक मुरडून सांगितलं, पण सांगितलं सगळ्यांना, दूधवाल्यालासुद्धा.

घरात त्या वेळी दुसरंच शिजत होतं. मालकाला भाड्याचं घर परत हवं होतं आणि दोघे मुलगे मिळून नवीन घर घेत होते. सासूने जाऊन पाहिलं, रस्त्याच्या बाजूची खोली पसंत केली, खिडकीच्या मापाचे पडदे शिवायला टाकले. खोलीचं तेवढं पक्कं ना, असं थोरल्याला विचारलं, तर तो म्हणाला, “बघू.” मुलांचं बघू म्हणजे हो, असं तिचं जन्मभराचं गणित. नाही म्हणायची छाती त्यांना तिने कधी होऊच दिली नव्हती.

एक दिवस तिच्यासमोर एका कुटुंबाचं बोलणं आलं. कंपनी अशी बोलणी लोकांकडून मागून घ्यायची, त्यांतली नावं, नाती, गावं पुसून टाकायची आणि जागी अक्षरं ठेवायची. इथे घरातली चार माणसं मिळून पाचव्या माणसाबद्दल बोलत होती. पाचवी होती एक म्हातारी, आणि या गप्पांत ती नव्हती.

एकाने लिहिलं होतं, ‘सामानाची गाडी एकच सांगितली आहे. ओझं किती न्यायचं?’ दुसरीने लिहिलं, ‘तिला क्षच्या मागच्या खोलीत ठेवू. भिंतींना कान असतात म्हणतात, बिचाऱ्या बहिऱ्या होतील.’ तिसरा म्हणे, ‘सकाळी दुधाची पिशवी हातात धरून तोलते. मेल्यावर यमालाही तोलेल, म्हणून तो येत नाही.’

सासू हसून हसून लोळायची बाकी राहिली. डोळ्यांना पदर लावत म्हणाली, ही तर हुबेहूब आमची जाऊबाई. तिनेही आयुष्यभर दुसऱ्याच्या घरातलं दूध तोललं.

दोन खुणांपैकी ‘छळ’ ही खूण चष्मेवालीची होती. चष्मेवाली म्हणजे नुकतीच लागलेली मुलगी, बोलताना ओढणीचं टोक पिळायची. ती टेबलाशी येऊन उभी राहिली.

“काकू, हे लोक त्या आजींना खरंच घरातून काढतायत. आणि त्यांना माहीतसुद्धा नाही.”

“अगं, ज्याला काढायचं तो काढून मोकळा होतो, विनोद करत बसत नाही. आणि असली म्हातारी माझ्या घरात असती ना, तर मी स्वतः तिची पिशवी भरून दारात ठेवली असती. थट्टा आहे ही. लाव.”

खोली हसली. धाकटीही हसली, आणि खूण नीट लागली ना, हे तिने मागे येऊन स्वतः पाहिलं.

घर हलवायच्या आधीच्या रविवारी सगळे जेवून उठल्यावर थोरल्याने विषय काढला. तुझी सोय मावशीच्या मागच्या खोलीत केली आहे, म्हणाला. तिलाही सोबत होईल. सासूला आधी वाटलं, पडद्यांच्या खर्चावरून चिडवतोय. मग तिचा पट्टा सुरू झाला. बापाच्या माघारी कुणी वाढवलं, कुणाच्या बांगड्या विकून कोण शिकलं, सगळं निघालं. पडदेसुद्धा तिच्या पगाराचे होते. थोरला मान खाली घालून ऐकत राहिला आणि ती श्वास घ्यायला थांबली तेव्हा म्हणाला, “आई, गाडी एकच सांगितली आहे.”

हे वाक्य सासूने ऑफिसात वाचलेलं होतं. तिने थोरल्या सुनेकडे पाहिलं, ती ताटं उचलायला लागली. धाकट्या मुलाने फोनमध्ये डोकं घातलं. धाकटी मात्र समोर बसून होती.

“तू दिलंस ते बोलणं ऑफिसात,” सासू म्हणाली.

“हो. या दोघांचा पाय निघत नव्हता. आईला काय वाटेल, आईला काय वाटेल. म्हटलं, हायकोर्टालाच विचारू.” धाकटीने पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला. “तुम्ही थट्टा म्हणालात, आई. वर पिशवी भरून द्या म्हणालात. घरी येऊन सांगितलं यांना, तेव्हा कुठे यांचा जीव भांड्यात पडला.”

सासूने पेला तसाच परत सरकवला.

सोमवारी ती वेळेआधी ऑफिसात गेली. दिलेला निकाल फिरवता येत असे, पण त्यालाही पद्धत होती. कारण सांगायचं, आणि तेही सकाळच्या बैठकीत, सगळ्यांसमोर उभं राहून, म्हणजे पुढच्या वेळी बाकीचेही शिकतील. धाकटीनेच घातलेली ती पद्धत.

तिने ते बोलणं पुन्हा उघडलं. आता अक्षरांच्या जागी तोंडं दिसत होती. बहिऱ्या भिंती थोरलीच्या होत्या, गरीब गाय म्हणून जिला इतकी वर्षं हिणवलं तिच्या. यम धाकट्या मुलाचा, ज्याच्यासाठी ती दूध तोलायची, मापात कमी आलं तर त्याच्या वाट्याला कमी पडेल म्हणून.

बैठकीत धाकटीने विचारलं, निकाल कुणाला फिरवायचा आहे का. अगदी मऊ आवाजात विचारलं. चष्मेवाली आशेने हायकोर्टाकडे बघू लागली.

काय सांगणार होती सासू? ही थट्टा नाही, कारण ती म्हातारी मी आहे? ज्या खोलीने तिला हायकोर्ट म्हटलं, तीच खोली मग तिची कीव करणार, चहा आणून देणार, काकू बसा म्हणणार. तिने पदर खोचला.

“मला फिरवायचं नाही,” ती म्हणाली. “पण या चष्मेवालीला या कामावरून काढा. थट्टा कळायला घरात चार माणसं असावी लागतात. हिला कोण आहे?”

मुलगी वसतिगृहात वाढलेली होती. सगळ्यांना ते माहीत होतं, सासूलाही. कुणी हसलं नाही. धाकटीने क्षणभर सासूकडे पाहिलं, त्या पाहण्यात आपल्यासारखंच कुणी भेटल्याची थोडी ओळख होती, आणि मुलीची बदली बिलांच्या टेबलावर करून टाकली.

दुपारी चष्मेवाली आपली बाटली आणि डबा घेऊन निघाली, तेव्हा डोळे सुजलेले होते. तरी टेबलापाशी थांबली.

“काकू, त्या आजींचं काय झालं असेल हो?”

“जाईल की,” सासू मान वर न करता म्हणाली. “आपल्या पायांनी जाईल. कुणी ढकललं असं म्हणू द्यायची नाही ती.”

आणि तिने पुढचं बोलणं उघडलं. एक सून दुसरीला लिहीत होती, तुमची साडी फार शोभते हो, पडद्याचं कापड का? यंत्राने यावर आपण होऊन खूण केली होती: थट्टा. शिकत होतं ते.